कान आले, कुदळ कुठाय?

दर पावसाळ्यात मुंबईच्या पेपरांत एक फोटो ठरलेला असतो. तुळशी तलाव भरून वाहू लागला. खाली क्षमता छापलेली असते, ८,०४६ दशलक्ष लिटर. मुंबईकर तो फोटो बघतो, यंदा कपात नाही म्हणून सुखावतो आणि घड्याळ बघून पाणी भरायला उठतो.

आता दुसरा हिशेब बघा. याचा फोटो कुणी काढत नाही. सात तलावांतून मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. त्यातलं पाव ते एक तृतीयांश पाणी बिलापर्यंत पोचतच नाही, असं पालिकेचेच आकडे वेळोवेळी सांगत आले आहेत. आपण मोठ्या मनाने पावच धरू. तरी दर आठ-साडेआठ दिवसांनी एक आख्खा तुळशी तलाव गळतीत, चोरीत आणि बंद मीटरांत रिकामा होतो. या तलावाचं जलपूजन होत नाही. नारळ फुटत नाही, महापौर ओटी भरत नाहीत. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक असतं.

कुठे मुरतंय ते शोधायला शास्त्राने कान दिले आहेत. पाण्यात बुडून ऐकणारे कान. हायड्रोफोन म्हणतात त्यांना. लहानसं नळकांडं, आत पिझो जातीच्या सिरॅमिकचा तुकडा. पाण्यातून आवाजाची लाट आली की तुकडा दबतो, दबला की किंचित वीज तयार होते, वीज मोजली की आवाज कळतो. पहिल्या महायुद्धात हायड्रोफोन समुद्रात सोडून जर्मन पाणबुड्यांचा माग काढत होते. आता शंभर वर्षांनी त्यांच्यावर कामगिरी आली आहे ती नळजोडणीच्या फेरूलजवळच्या गळतीची.

पाण्यातून आवाज किती वेगाने पळतो हे तर त्याही आधी कळलं होतं. १८२६ मध्ये कोलादों आणि स्टर्म या दोघांनी जिनिव्हा सरोवरात एका नावेखाली घंटा टांगली, लांबवरच्या दुसऱ्या नावेतून पाण्यात कर्णा बुडवून कान लावला आणि वेग काढला. सेकंदाला १,४३५ मीटर. हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. म्हणजे पाण्यातून बातमी एका सेकंदात जवळजवळ दीड किलोमीटर जाते. वॉर्ड ऑफिसात तीच बातमी या टेबलावरून त्या टेबलावर जायला किती वेळ घेते, हा प्रयोग करायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

गळती पकडायचं गणितही अवघड नाही. दाबाखालचं पाणी भोकातून निसटताना फुसफुसतं. ती फुसफुस पाइपाच्या अंगातून आणि आतल्या पाण्यातून दोन्ही बाजूंना धावते. दोन व्हॉल्व्हवर दोन सेन्सर लावा. मधलं अंतर समजा १०० मीटर. पाइप जुना, बिडाचा, त्यात आवाजाचा वेग धरा सेकंदाला १,२०० मीटर. एका सेन्सरला फुसफुस दुसऱ्याच्या पाच शतांश सेकंद आधी ऐकू आली. तेवढ्या वेळात आवाज ६० मीटर कापतो. १०० मधून ६० गेले, उरले ४०, त्याचे निम्मे २०. पहिल्या सेन्सरपासून २० मीटरवर खणा. सातवीतल्या पोराला सुटेल असं उदाहरण आहे. हे करणाऱ्या यंत्राला कोरिलेटर म्हणतात आणि जगभरची पाणीखाती ते कित्येक दशकं वापरत आहेत.

मग पाण्यात बुडायची गरज काय? बिडाचा पाइप बाहेरून कान लावला तरी बोलतो. प्लॅस्टिकचा पाइप आवाज गिळून टाकतो. मोठ्या व्यासाच्या मुख्य वाहिन्याही बाहेरच्याला दाद देत नाहीत. तिथे आत शिरूनच ऐकावं लागतं. नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये यासाठी ‘सहारा’ नावाची यंत्रणा निघाली. लांब केबल, टोकाला हायड्रोफोन, पुढे छोटीशी छत्री. चालू पाइपात सोडली की पाण्याचा प्रवाह छत्रीला ओढत नेतो. वर रस्त्यावर एक माणूस तिचा माग घेत चालतो आणि गळतीपाशी आवाज चढला की तिथेच खूण करतो. नंतर कॅनडातल्या एका कंपनीने केबलही काढून टाकली. फोमच्या चेंडूच्या पोटात कान बसवला. चेंडू पाण्याबरोबर गडगडत जातो, वाटेतलं सगळं ऐकतो, नोंदवतो आणि पुढच्या टोकाला जाळ्यात सापडतो. पाणी तोडायला नको, रस्ता उकरायला नको.

इतकं सोपं असेल तर आपलं घोडं अडलंय कुठे?

पहिल्यांदा नकाशावर. वरचं उदाहरण बरोबर सुटायला पाइप कशाचा, केवढा आणि कुठून कुठे गेलाय हे माहीत हवं. मागच्या दुरुस्तीत कुणी मधले तीस मीटर प्लॅस्टिकचे घातले असतील तर त्या पट्ट्यात आवाज निम्म्याहून कमी वेगाने जातो. यंत्राला हे कुणी सांगितलेलं नसतं. ते पूर्ण आत्मविश्वासाने भलत्याच घरासमोर बोट दाखवतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आपल्या शहरांत पाइपांचा खरा नकाशा चावीवाल्याच्या डोक्यात असतो. कुठली चावी किती आटे फिरवली की कुठल्या गल्लीत पाणी चढतं, कुठला व्हॉल्व्ह उलटा बसलाय, कुठला डांबराखाली गेलाय, सगळं त्याला पाठ. तो निवृत्त होतो तेव्हा साहेब त्याला शाल आणि श्रीफळ देतात. नकाशा तो घरी घेऊन जातो.

नंतर भोकावर. कान पाइपात घालायचा तर कुठून? परदेशात रस्त्याकडेच्या हायड्रंटमधून घालतात. मुंबईतले बहुतेक हायड्रंट बंद पडलेत किंवा फुटपाथाखाली गाडले गेलेत. आग लागली तरी अग्निशमन दल टँकरची वाट बघतं, तिथे गळती ऐकायला आलेल्या पाहुण्याला दार कोण उघडणार?

त्यात आवाजाचा स्वभाव चमत्कारिक. बारीक भोक, वर भरपूर दाब, की गळती कुकरच्या शिट्टीसारखी किंचाळते. पाइपच मोठा चिरला की दाब पडतो आणि पाणी खालच्या सुरात, गुपचूप, कितीतरी जास्त निघून जातं. तेव्हा आवाजावरून गळती केवढी आहे ते ठरवू नये, असं या धंद्यातले जाणकार बजावतात. पालिकेचं सभागृह पाहिलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. शिपायाच्या ओव्हरटाइमवर तासभर रणकंदन होतं. कोट्यवधींचं काम वाढीव दराने मंजूर होताना चहाच्या कपाचाही आवाज येत नाही.

सगळ्यांत मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. गळती ऐकायची उत्तम वेळ रात्री दोन ते चार. शहर झोपलेलं, रहदारी नाही, नळ बंद, पाइपात पूर्ण दाब. त्या वेळी मीटर फिरत असेल तर ते पाणी माणूस पीत नाही, जमीन पितेय. टोकियोच्या पाणीखात्याची माणसं म्हणूनच मध्यरात्री रस्त्याला कान लावत फिरतात. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा त्या शहराचं ८० टक्के पाणी गळत होतं. आज तीन-चार टक्के गळतं.

आपल्याकडे रात्री दोन वाजता पाइपात कान घातला तर काय ऐकू येईल? हवा. मुंबईच्या बहुतेक भागांना दिवसातून काही तासच पाणी. छत्रपती संभाजीनगरने तर कित्येक दिवसांआड पाणी येण्यात वर्षं काढली. दाब नाही तर फुसफुस नाही. आपली गळती बोलते ती पाणी येतं त्या दोन तासांत. नेमक्या त्याच दोन तासांत गल्लीतले सगळे नळ चालू, टाक्यांचे व्हॉल्व्ह उघडे, बिनपरवाना बूस्टर पंप घरघरतात. पाइप नुकताच भरत असतो, पोटात हवेचे बुडबुडे, आणि बुडबुडे असले की आवाज पुढे सरकतच नाही. अशा कल्लोळात गळतीची कुजबुज वेगळी काढायची. लग्नाच्या बँडसमोर उभं राहून नाडी तपासायला सांगण्यातला प्रकार.

कुठल्याही वॉर्डात पहाटे पाचला दिसेल असं चित्र. व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी वाकलेला पाणीखात्यातला जुना माणूस. हातात लोखंडी साउंडिंग रॉड, एक टोक व्हॉल्व्हवर, दुसरं कानाशी. बाजूला हेडफोन लावलेला ज्युनिअर इंजिनिअर, लॅपटॉपवर हिरव्या रेषा नाचतायत. तिसऱ्या मजल्यावरून हाक येते.

“ओ दादा, आमच्याकडे पाणी कधी चढणार?”

“ताई, तेच बघतोय. पाच मिनिटं पंप बंद करा ना सगळे.”

“आम्ही बंद केला की शेजारच्या बिल्डिंगवाले खेचणार. आधी त्यांना सांगा.”

शेजारच्या बिल्डिंगलाही हेच सांगायचं असतं. इंजिनिअर हेडफोन काढतो.

“काका, मशीन इथे दाखवतंय. या गटाराच्या झाकणाजवळ.”

“साहेब, माझा रॉड वडाच्या पलीकडे बोलतोय.”

“पाइप बिडाचाच आहे ना पण?”

“होता. अठ्ठ्याण्णव साली होता.”

चला, समजा काकांनी आणि यंत्राने तडजोड केली. जागा सापडली, रस्त्यावर पिवळ्या रंगाची फुली पडली. आता खणायचं. रस्ते विभाग म्हणतो, काँक्रीट नवं आहे, हमीचा काळ संपलेला नाही, हात लावायचा नाही. वाहतूक पोलीस म्हणतात, रात्री अकरानंतर या. रात्रपाळीचा फिटर म्हणतो, रात्री पाइपात पाणी नसतं, सांधा धरला की नाही ते कशावरून बघू? कंत्राटदार म्हणतो, चर बुजवणं माझ्या निविदेत नाही. तेवढ्यात मे महिना संपतो आणि पावसाळ्यासाठी खोदकामच बंद होतं. टायरांखाली फुली पुसली जाते. सेन्सरला जे ऐकायला काही सेकंद लागले ते खात्याला ऐकू यायला एक आर्थिक वर्ष लागतं. मुंबईने मधल्या काळात रस्ते काँक्रीटचे करायचा सपाटा लावलाय. आधी पाइप बदला, मग काँक्रीट ओता, हे शहाणपण प्रत्येक भाषणात असतं. भाषणाला चर खणावा लागत नाही.

आपल्याकडे कुदळ चालतच नाही असा मात्र गैरसमज नको. भलतीकडे ती झकास चालते. ठाण्यात किसननगर भागात कूपनलिका खणता खणता मुंबईला पाणी आणणारा ५,५०० मिलिमीटर व्यासाचा जलबोगदाच भोसकला गेला. पाणी लागलं. फक्त ते मुंबईकरांचं होतं. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईत १५ टक्के कपात झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर अंधेरीत मेट्रोच्या कामात १,८०० मिलिमीटरची जलवाहिनी फुटली आणि बरेच वॉर्ड कोरडे पडले. या दोन गळत्या शोधायला हायड्रोफोन लागला नाही. आणि खाली काय आहे ते न बघता खणायला परवानगी आड आली नाही.

इतकं सगळं ऐकून कुणाला वाटेल, हे रडगाणं आपलंच. तर ‘सहारा’ला जन्म देणाऱ्या ब्रिटनची गोष्ट ऐका. २०१७ मध्ये एका संशोधिकेने तिथल्या बारा पाणी कंपन्यांना सरळ विचारलं, की तुमचे तंत्रज्ञ पाइप आणि गळती शोधायला हातात वाकड्या तारा धरून फिरतात का हो? बारापैकी दहा कंपन्यांनी हो म्हटलं. आपला पाणाडी तळहातावर नारळ उभा करून बोअरची जागा सांगतो, त्यांचा तंत्रज्ञ दोन तारा हलवून फुटलेला पाइप. आपली पद्धत त्यातल्या त्यात बरी, नारळ नंतर खाता तरी येतो.

पण एक गोष्ट अशी आहे जी तारेलाही कळत नाही, नारळालाही नाही आणि हायड्रोफोनलाही नाही. चोरी. बेकायदा जोडणीतून वाहणारं पाणी कायदेशीर जोडणीसारखाच आवाज करतं. बंद मीटर तर आवाजच करत नाही. सरासरी बिल जन्माचं मुकं. त्यामुळे हिशेबाबाहेरच्या पाण्यातला हा वाटा ऐकायला वेगळेच कान लागतात, आणि ते बहुधा कंत्राटदाराच्या कपाटात मिळत नाहीत.

ते कसे असतात हे बघायला कंबोडियात जावं लागेल. १९९३ मध्ये नॉमपेन्हचं ७२ टक्के पाणी हिशेबाबाहेर होतं. ‘एक सोन चान’ या अभियंत्याकडे पाणीखातं आलं. त्यांनी पाइप बदलले, शहराचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात किती पाणी गेलं ते मोजायला सुरुवात केली आणि फुकट पाणी पिणाऱ्या बड्या घरांना मीटर लावायला घेतले. एका जनरलच्या घरी गेले तर त्याने बंदूक रोखली. ते परत फिरले, बंदूकवाली माणसं सोबत घेऊन आले आणि जनरलचं पाणी तोडलं. पुढे हिशेबाबाहेरचं पाणी सहा टक्क्यांच्या आसपास आलं. २००६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडे जनरल राहू दे, वॉर्डातल्या भाऊंच्या सर्व्हिसिंग सेंटरवर मीटर लावायला किती जण दुसऱ्यांदा जातील?

कंबोडिया लांब वाटत असेल तर कराडशेजारचं मलकापूर जवळ आहे. तिथल्या नगरपंचायतीने दीड दशकापूर्वीच घरोघर मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं. जास्त वापराल तर दर जास्त. ओडिशातल्या पुरीने २०२१ मध्ये चोवीस तास, नळाला तोंड लावून पिता येईल असं पाणी सुरू केलं. पाइपात रात्रंदिवस दाब असलेल्या गावात हायड्रोफोन टाकला तर तो काहीतरी सांगेल. कोरड्या पाइपात टाकलेला, कितीही महागाचा असो, पालथ्या घड्यावर पाणी.

आणि दाबाची ही गोष्ट फक्त पैशाची नाही. पाणी सुटतं तेव्हा भोकातून पाणी बाहेर जातं. पाणी बंद होतं तेव्हा त्याच भोकातून शेजारचं गटार आत येतं. बाहेर जाणारं पाणी फुसफुसतं तरी. आत येणारं गटार बिनबोभाट येतं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बादलीत उतरतं. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले तेव्हा संशय दूषित पाण्यावरच गेला. इथे थट्टा थांबते.

केंद्राच्या मानकाप्रमाणे शहराचं हिशेबाबाहेरचं पाणी २० टक्क्यांच्या वर जायला नको. ‘अमृत २.०’ योजनेचंही तेच उद्दिष्ट. त्यामुळे येत्या काही वर्षांत हे कान शहरोशहरी येणार, यात शंका नको. येण्याचं कारणही उघड आहे. सेन्सर विकत मिळतो. त्याचं उद्घाटन करता येतं. त्याचा डॅशबोर्ड होतो, भिंतीएवढ्या पडद्यावर लाल ठिपके लुकलुकतात, पाहुण्यांना दाखवता येतात. ठिपका लाल झाला की कुणीतरी कुदळ उचलायची असते. आपल्याकडे ठिपका लाल झाला की टाळ्या पडतात आणि सादरीकरण संपतं. लोकांच्या तक्रारींकडे कानाडोळा करायला आजवर निदान कष्ट पडायचे. यंत्राच्या तक्रारीकडे कानाडोळा करणं त्याहून सोपं, ते फोन करून शिव्या देत नाही.

तेव्हा निकाल असा. यंत्र चांगलं आहे, जरूर घ्या. फक्त निविदेत एक ओळ वाढवा: सापडलेल्या गळतीचे पैसे मिळणार नाहीत, बुजवलेल्या गळतीचे मिळतील. आणि त्या ओळीखाली रस्ते विभागाचीही सही घ्या.

वाचकहो, तुमच्यासाठीही काम आहे. तुमच्या वॉर्डात गेल्या वर्षी किती गळत्या सापडल्या, त्यातली प्रत्येक किती दिवसांत बुजली आणि उरलेल्या कुणाच्या सहीसाठी थांबल्या, हे तीन प्रश्न माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.